भावजयीला घेऊन समुपदेशन केंद्रात गेले, चार महिन्यांत सात चकरा झाल्या, त्याचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं सांगते, आधी जे चांगलं झालं ते.

केंद्राचं नाव आणि पत्ता मुद्दाम लिहीत नाहीये. तिथं येणाऱ्या काही बायकांचे नवरे त्यांना शोधत फिरत असतात, आणि कोण कुठल्या वारी कुठल्या जिन्यानं वर जातं हे माझ्यामुळं कुणाला कळायला नको. सोलापुरातलं एक केंद्र एवढंच समजा. ज्यांना गरज आहे त्यांनी 181 ला फोन लावा, महिलांची हेल्पलाइन आहे, जवळ कुठं जायचं ते सांगतात. आम्हीपण तसंच गेलो. भावजयीचं नाव पण नाही लिहीत, काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, तिला विचारूनच लिहायलेय, तिनं दोनदा वाचून घेतलं आणि दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

ती माझ्या धाकट्या भावाची बायको. म्हणजे मी गेले ते माझ्या पाठच्या भावाच्या विरोधात गेले, हे आधीच सांगून टाकते, कारण माहेरी आता माझ्याशी निम्मे लोक बोलत नाहीत.

लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन लेकरं आहेत. ती शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या एका कारखान्यात शिलाईला जाते, पीस रेटवर. सोलापुरात युनिफॉर्मचं काम किती चालतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको, शाळा सुरू व्हायच्या आधीचे चार महिने तर मान वर करायला सवड नसते. दर शनिवारी पेमेंट. आणि दर शनिवारी भाऊ गाडी घेऊन गेटवर उभा. पाकीट तिच्या हातातून घ्यायचा आणि तिथंच बाकीच्या बायकांसमोर नोटा मोजायचा, दहा-वीस कमी वाटले तर तिथंच विचारायचा कुठं गेले म्हणून. आम्हाला घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि आम्ही काय म्हणायचो, बघा बायकोला आणायला जातो, किती काळजी आहे. मी पण म्हणायचे. ह्याची मला फार लाज वाटते.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन घरी गेले तर दाराला बाहेरून कुलूप. आई मंगळवेढ्याला मामाकडं गेलेली. मला वाटलं सगळे गड्ड्याच्या यात्रेला गेले असतील, मी वळले, तेवढ्यात खिडकीतून भाचीचा आवाज आला, आत्या, चावी पप्पाकडं आहे. आत ती, दोन लेकरं, चूल पेटलेली, आणि बाहेरून कुलूप. भाऊ मित्रांबरोबर यात्रेत. मी खिडकीच्या गजातून विचारलं, अगं हे काय. ती म्हणाली, नेहमीचंच आहे अक्का, संध्याकाळपर्यंत येतील. तिळगुळाची पुडी मी गजातूनच आत दिली. चार वर्षांचा भाचा हात बाहेर काढून माझं बोट धरून बसला, सोडेचना. घरी येऊन मला रात्रभर झोप नाही. आत काही पेटलं असतं तर.

पहिल्यांदा आम्ही एका पोलीस चौकीत गेलो. कुठल्या ते सोडा. तिथं वर न बघताच विचारलं, मारलं का, वळ आहे का. आत्ता नाही म्हणल्यावर म्हणाले, मग नवरा-बायकोचं आहे, उद्या दोघं मिळून या, समजावून सांगू. भावजय बाहेर येऊन मला म्हणाली, बघा अक्का, मी म्हणलंच होतं, हे केस-बिस होत नाही, ते काय रोज थोडंच मारतात. हे वाक्य आमच्या घरात आई पण बोलायची. नऊ वर्षांत चारच वेळा हात उचलला, असा हिशोब आमच्या घरात ठेवलेला होता, आणि तो हिशोब मारणाऱ्याच्या बाजूनं होता.

मग 181 लावला आणि केंद्रात गेलो. गडबड नाही, ओरडा नाही. माठातलं पाणी दिलं. तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा मला विचारलं, तुम्ही कोण. नणंद म्हणल्यावर त्या भावजयीकडं वळल्या आणि तिला विचारलं, ह्या बाहेर बसल्या तर चालेल का तुम्हाला. मला विचारलं नाही, तिला विचारलं. मला तेव्हा राग आला, मी घेऊन आले, रिक्षाचे पैसे मी दिले, आणि मलाच बाहेर. बाहेर बसल्या बसल्या डोकं शांत झालं तेव्हा कळलं, मी त्याची बहीण आहे, माझ्यासमोर ही काय खरं बोलणार. मलासुद्धा काही गोष्टी तेव्हा ऐकवल्या नसत्या. नंतर तिनं सांगितलेल्या गोष्टी ऐकून मी दोन दिवस जेवले नाही.

आत काय विचारलं ते तिनं घरी येताना सात रस्ता चौकापर्यंत रिक्षात सांगितलं. मारतो का हा प्रश्न पहिला नव्हताच. मॅडमनी विचारलं, घरात पैसा कुणाच्या हातात असतो. मनात आलं तर आईला फोन लावता येतो का. आणि मग विचारलं, त्यांच्या गाडीचा आवाज गल्लीत आला की तुम्ही काय करता. तिथं ती रडली म्हणे. कारण गाडीचा आवाज आला की ती टीव्ही बंद करते, लेकरांच्या हातात पुस्तकं देते, मोबाईल त्याला दिसेल असा कट्ट्यावर ठेवते, केस बांधते, आणि दोन्ही चपला दाराच्या एकाच बाजूला नीट लावते, कारण एकदा चपलेवरून सुरू झालं होतं. नऊ वर्षं रोज. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं कारण ह्यात सांगण्यासारखं काय आहे हेच तिला वाटत नव्हतं.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा आहे, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. मी एवढी वर्षं समजत होते की ती मारहाणीची केस असते. त्यात हिंसा चार प्रकारची लिहिलीय, शारीरिक, लैंगिक, शब्दांनी आणि मानसिक, आणि आर्थिक. तिची कमाई काढून घेणं, खर्चाला न देणं, स्त्रीधन विकून टाकणं, हे सगळं आर्थिक हिंसेत येतं. गेटवरचं ते पाकीट म्हणजे कायद्यानं हिंसा आहे, हे ज्या दिवशी मॅडमनी तिला सांगितलं त्या दिवशी ती रिक्षात एकदम गप्प होती, उतरताना म्हणाली, अक्का, म्हणजे मी उगाच रडत नव्हते.

आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला आणि तो मी इथं मुद्दाम लिहिते. कधी गळा धरला होता का. ती म्हणाली हो, एकदा, दोन वर्षांपूर्वी, पण खूण काही उमटली नाही, आणि लगेच सोडला. आमच्या चार वेळांच्या हिशोबात हे धरलेलंच नव्हतं. मॅडमनी तिथं पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की गळा दाबणं ही सगळ्यात धोक्याची खूण असते, ज्या घरात एकदा गळा धरला गेला त्या घरात पुढं जीव जायचा धोका खूप वाढतो, बाहेरून काही दिसत नसलं तरी. खूण नाही म्हणून काही झालं नाही असं समजू नका, आवाज बसला, गिळताना दुखलं, चक्कर आली तर लगेच दवाखान्यात जायचं आणि गळा दाबला असं स्पष्ट सांगायचं. तुमच्या ओळखीत कुणी बाई असं काही बोलली तर ते हलक्यात घेऊ नका, हात जोडून सांगते.

दवाखान्यावरून आठवलं. गेल्या वर्षी तिचं मनगट सुजलं होतं तेव्हा आम्ही एका खाजगी डॉक्टरकडं नेलं आणि बाथरूममध्ये पडली असं सांगितलं. आईनं सांगितलं, मी मान डोलावली. डॉक्टरांनी पडल्यामुळं असं लिहिलं, त्यांचा काय दोष. आता तो कागद तिच्याच विरोधात जाऊ शकतो. खरं कारण सांगितलं असतं तर तोच पुरावा झाला असता.

पुराव्याची गोष्ट निघाली तर वहीचं सांगते. दुसऱ्या भेटीत मॅडम म्हणाल्या, तारखा आठवतील तेवढ्या लिहून आणा. तिनं पिशवीतून भाचीची जुनी गणिताची वही काढली. मागच्या बाजूनं ती स्वतःचा हिशोब लिहायची, तारीख, किती डझन कॉलर, किती बाह्या, किती रुपये. रेघा आखलेल्या, अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल. काही तारखांपुढं एक छोटं वर्तुळ. मॅडमनी विचारलं हे काय. ती म्हणाली, त्या दिवशी कुलूप होतं. काही वर्तुळं आतून भरलेली होती, पेन दाबून दाबून, कागद पलीकडून वर आलेला. त्याबद्दल विचारलं नाही कुणी, कळलंच. मी मोजायला लागले आणि मधेच थांबले. चार नव्हती.

तीच वही पुढं उपयोगी आली. संरक्षण अधिकारी म्हणून सरकारी माणूस असतो, त्यांच्याकडं डीआयआर म्हणजे घटनेचा अहवाल भरतात, फॉर्म ठरलेला असतो, काय झालं, कधी, कुठं, कुणासमोर. वहीतल्या तारखा बघून भरला. त्याला फी लागत नाही. तिथून मॅजिस्ट्रेटकडं अर्ज जातो. बाई स्वतः थेट अर्ज करू शकते, आणि नुसती शेजारीण किंवा नातेवाईक सुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, चांगल्या हेतूनं कळवलं तर कळवणाऱ्यावर काही बालंट येत नाही, कायद्यातच लिहिलंय. हे मला आधी माहीत असतं तर. आपल्या गल्लीत आवाज आला की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो ना.

वकील फुकट मिळाला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, 1987 चा कायदा आहे आणि बायकांना उत्पन्नाची अटच नाही, कितीही कमावत असाल तरी मिळतो. 15100 हा त्यांचा नंबर. आमच्या वकीलबाई वयानं लहान होत्या, मला जरा शंका होती, पण त्यांनी कागद नीट केले आणि भावजयीला प्रत्येक पान वाचून दाखवूनच सही घेतली.

भावाचं एक ठरलेलं वाक्य होतं, घर आईच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, आत्ता बाहेर काढीन. ह्या वाक्याला ती सगळ्यात जास्त घाबरायची. मॅडमनी सांगितलं की घर कुणाच्या का नावावर असेना, ज्या घरात ती संसार करत आली तिथं राहायचा तिला हक्क आहे, मनाला येईल तसं काढता येत नाही, आणि सासू-सासऱ्यांच्या नावावरच्या घरालाही हे लागू होऊ शकतं हे सुप्रीम कोर्टानं 2020 च्या निकालात सांगितलंय. घराची मालकी मिळत नाही, राहायचा हक्क मिळतो, हा फरक पण त्यांनी नीट सांगितला, उगाच आशा लावली नाही. मला ही गोष्ट फार आवडली. आणि हा कायदा फक्त बायकोसाठी नाही, आई, बहीण, मुलगी, लग्नाशिवाय बरोबर राहणारी बाई, सगळ्यांसाठी आहे. म्हातारीला पोरगा मारत असेल तर तिला पण अर्ज करता येतो.

लोकांना वाटतं डीव्ही केस, म्हणजे ह्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची केस, केली की नवरा लगेच जेलात. तसं नाही. आधी कोर्ट आदेश देतं, मारू नको, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नको, घरातून काढू नको, खर्चाला दे. तो आदेश मोडला तर मग एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छळाची फौजदारी तक्रार वेगळी, जिला सगळे अजून 498 म्हणतात, 1 जुलै 2024 पासून ती नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालीय. कुठली करायची, दोन्ही करायच्या का एक पण नाही, हे मॅडमनी तिच्यावर सोडलं. आम्ही विचारलं तुम्ही सांगा ना काय करू. त्या म्हणाल्या, मी रस्ते दाखवीन, चालायचं तुम्हाला आहे, घाई नाही. तिला तिसऱ्या भेटीपर्यंत काहीच करायचं नव्हतं, तरी एकदासुद्धा तोंड वाकडं केलं नाही. आधी आम्ही नातेवाइकांत ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या निम्म्यांनी मिटवून टाका म्हणलं आणि निम्म्यांनी सोडून दे त्याला म्हणलं, तिला काय पाहिजे हे कुणीच विचारलं नव्हतं. तिला नवरा सोडायचा नव्हता. कुलूप नको होतं, स्वतःची मजुरी हातात पाहिजे होती, आणि मार नको होता. एवढंच.

एका भेटीत मॅडमनी कागदावर गोल काढला. एका बाजूला तणाव वाढतो, मग मार, मग माफी, रडणं, साडी, मग शांतता, आणि परत पहिल्यापासून. लेनोर वॉकर नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्ये हे मांडलं म्हणे. सगळ्याच घरात असंच फिरतं असं नाही, काही घरांत माफी कधीच येत नाही, हे पण सांगितलं. भावजयीनं शांततेच्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ह्याला आम्ही घरात सुधारला म्हणतो. मला एकदम आईचे फोन आठवले, अगं आता सुधारलाय तो, परवा तिला गजरा आणला.

मी एकदा मॅडमना म्हणलं, आमचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर ते आईला मारायचे, मी भावाला घेऊन गच्चीवर जायचे, सहा वर्षांचा होता, माझ्या ओढणीत तोंड खुपसून कान दाबून बसायचा, त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, रागावर ताबा नाही त्याचा. हे बोलताना मला रडू आलं कारण तो पोरगा मला अजून तसाच दिसतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कामावर शेठनं शिव्या दिल्या तर तो शेठला मारतो का. मी म्हणलं नाही. ट्रॅफिक पोलिसानं पावती फाडली तर? नाही. म्हणजे ताबा आहे, घराबाहेर आहेच, घरात सोडायचं तो ठरवतो. मारहाण बघत वाढलेल्या पोरांत पुढं मारणारे जास्त निघतात हे खरं, पण तसं वाढून हात न उचलणारे पण ढीगभर आहेत, तुम्ही पण त्याच घरात वाढल्यात ना, असं म्हणाल्या. दारू, बेकारी, लहानपण, ह्यानं आग वाढते, पण बायकोनं धाकात राहावं हे ज्याच्या डोक्यात पक्कं असतं तोच हात उचलतो. त्या दिवशी मी घरी चालत आले, होम मैदानावरून वळसा घालून. भावावरची माया गेली नाही माझी. पण त्याची वकिली करणं त्या दिवशी बंद झालं.

भिंतीवर एक तक्ता होता, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, 2019-21 चा. देशात लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या बायकांत 29.3 टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलीय. आणि त्याच सर्वेक्षणात आहे की जिनं असं काही सोसलं त्यातल्या 14 टक्केच बायका कुठं मदत मागायला गेल्या. बाकावर त्या दिवशी आम्ही सहाजणी होतो. मी तो आकडा वाचून आमच्या कारखान्यातल्या रांगा डोळ्यासमोर आणल्या, मी पण शिलाईचंच काम करते, दुसऱ्या ठिकाणी. एका रांगेत दहा मशिनी. तीन मशिनी.

आता सुरक्षेचं. हा भाग मला सगळ्यात कामाचा वाटला. बाई घर सोडायचं ठरवते किंवा तक्रार करते तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून आधी तयारी, मग कागद. आधार कार्ड, रेशन कार्ड, लेकरांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला, ह्याच्या झेरॉक्स आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून शेजारी ठेवायचे. भांडण वाढायला लागलं की स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथं विळी असते, गॅस असतो, दाराजवळच्या खोलीत सरकायचं. लेकरांना मधे पडू नका, शेजारी पळा एवढंच शिकवायचं. शेजारच्या काकूंबरोबर एक शब्द ठरवायचा. तिचा शब्द होता शेंगाचटणी. तिनं भिंतीवरून आवाज दिला की काकू शेंगाचटणी आहे का, की काकूंनी 112 लावायचा, विचारत बसायचं नाही. आता शब्द बदललाय म्हणून इथं लिहिते. मार्चमध्ये एका रात्री तो शब्द लागला. काकूंनी फोन केला, पोलीस आले, ह्या वेळचे चांगले होते, त्यांनी तिला बाजूला घेऊन एकटीला विचारलं. त्याच रात्री ती आणि लेकरं माझ्याकडं आली. माझ्याकडं जागा नसती तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं, 2015 पासूनची सरकारी योजना आहे, दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन एकाच ठिकाणी.

आता तक्रारी. केंद्राचे लोक वाचत असतील तर वाईट वाटून घेऊ नका, सुधारा.

पहिली आणि सगळ्यात मोठी, हिच्यासाठीच स्टार कापलाय. चौथ्या भेटीला बाकावर एक बाई होत्या, विड्या वळणाऱ्या, बोटांची टोकं काळी पडलेली, मराठी मोडकंतोडकं, बोलणं सगळं तेलुगू. आत त्यांच्याबरोबर त्यांची दहा-अकरा वर्षांची पोरगी गेली, कारण तेलुगू समजणारं त्या दिवशी कुणी नव्हतं. दार नीट लागलं नव्हतं. ती पोरगी आईचं तेलुगू ऐकून मराठीत सांगत होती, आई म्हणते पप्पांनी, आई म्हणते पप्पांनी, आणि तिसऱ्यांदा ती थांबली आणि म्हणाली, मला हे मराठीत येत नाही. मी उठून आत गेले. मला कारखान्यातल्या मैत्रिणींमुळं कामापुरतं तेलुगू येतं, मी म्हणलं पोरीला बाहेर पाठवा, मी बसते, त्या बाईंना चालणार असेल तर. त्यांना चाललं. पण मी कोण, उद्या मी बाहेर जाऊन सांगितलं असतं तर? सोलापुरात अर्धा पूर्वभाग घरात तेलुगू बोलतो, दक्षिण तालुक्यातून आणि अक्कलकोटकडून कन्नड बोलणाऱ्या बाया येतात, उर्दू बोलणाऱ्या येतात. ह्या गावात असं केंद्र चालवायचं तर ह्या भाषा येणारी बाई रोज तिथं पाहिजे. माहितीपत्रक पण फक्त मराठीत आहे. मॅडमना मी तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं, माणूस मागितलंय पण मिळत नाही म्हणाल्या. त्यांची अडचण मला कळते. पण त्या पोरीच्या तोंडून ते शब्द काढून घेणं चूकच होतं, ते मला विसरता येत नाही.

दुसरी, वेळ. सकाळी साडेदहा ते साडेपाच. पीस रेटवाल्या बाईचा एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली, आणि शनिवारी पाकिटात पैसे कमी दिसले की घरी विचारणार, कुठं गेली होतीस. आम्ही पहिल्या दोन वेळा माझे पैसे घालून पाकीट सारखं केलं. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सातपर्यंत उघडं ठेवा, खूप जणी येतील.

तिसरी, जिना अरुंद आहे आणि कठडा हलतो. एक पोटुशी बाई भिंत धरून चढताना बघितली. बाकी पंखे, पाणी, संडास स्वच्छ. लेकरांसाठी एक कोपरा आहे, खडू आणि पाटी, भाचा तिथं रमायचा.

आत्ताची परिस्थिती अशी. कोर्टानं तात्पुरता आदेश दिला, भावानं तिच्या कारखान्यावर जायचं नाही, मारहाण करायची नाही, घरातून काढायचं नाही. कायद्यात लिहिलंय की अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, आमच्या तारखा अजून चालू आहेत. तिचं बँकेत स्वतःचं खातं काढलं, पेमेंट तिथं जमा होतं. ती आणि लेकरं परत त्याच घरात राहतात, आई आता मधल्या खोलीत झोपते, स्वतःहून. आईला बदलायला वेळ लागला, अजून पूर्ण बदलली नाही, पण कुलूप आईनं विहिरीत टाकलं, मला न सांगता, ते मला भावजयीकडून कळलं. भाऊ माझ्याशी बोलत नाही. राखीला येतो का नाही माहीत नाही.

जाणाऱ्यांसाठी. सोमवारी गर्दी असते, बुधवार-गुरुवारी सकाळी जा. आधार कार्ड असेल तर न्या, नसेल तरी परत पाठवत नाहीत. कुठलाही कागद, चिठ्ठी, वही, मेसेज, जे असेल ते फेकू नका. घरातून फोन करू नका, 181 ला शेजारच्या फोनवरून लावा आणि नंतर यादीतून नंबर काढून टाका. लेकरांना काही त्रास असेल तर 1098. बरोबर गेलेल्या माणसानं बाहेर बसायची तयारी ठेवा. आत गेल्यावर मोबाईल बंद करायला सांगतात, ते ऐका. पहिल्या दिवशी तिचा फोन माझ्या पर्समध्ये होता, बंद करायचा राहिला, पाऊण तासात सतरा वेळा वाजला, आणि दरवेळी बाकावरच्या सगळ्याजणींनी आपापल्या पिशवीला हात लावून बघितला.